बाकावरची टाच

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि बहुतेक लोकांना मी फक्त पाठीमागून ओळखतो. लोक येतात, माझ्याकडे पाठ करतात आणि बसतात. त्यामुळे तोंडओळख म्हणाल तर माझी फारशी कोणाशीच नाही. पण बसण्यावरून माणूस ओळखावा तर तो मीच. कोण टेकून बसतो, कोण काठावर, कोणाला उठायची घाई आहे आणि कोणाला घरी जायचंच नाही, हे मला न विचारता कळतं. एवढ्या वर्षांत दुसरं शिकायला तरी काय होतं?

माझा जन्म डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावचा. गोवा मुक्त झाला, गावात मराठी शाळा आली आणि पोरांना बसायला बाक हवे झाले. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. गावच्या शंकर मेस्ताने फणसाचं एक जुनं झाड पाहून ठेवलं होतं. त्याच्या फळ्या पाडून त्याने त्या पडवीत वाळत टाकल्या आणि खुशाल विसरून गेला. गुरुजी रोज येऊन विचारायचे, बाक कधी होणार? मेस्त म्हणायचा, लाकूड सांगेल तेव्हा. शेवटी एकदाचं लाकडाने सांगितलं. मेस्ताने माझ्या पायांना खाचा पाडल्या, खुंट्या बसवल्या आणि त्यांत केसभर जागा सोडली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला हलायला वाव हवा, असं तो गुरुजींना समजावत होता. इतकी वर्षं मी कुरकुरलो असेन, पण तडकलो मात्र नाही, ते या केसभर जागेमुळे.

शाळेत माझे दिवस मजेत गेले. पोरांनी माझ्यावर कर्कटकाने नावं कोरली, चिंचा फोडल्या, शाई सांडली. त्यांत बाबली नावाचा एक चौथीतला मुलगा होता. त्याला अभ्यासाचं वावडं, पण बोटं कधी स्वस्थ नसायची. गुरुजी फळ्याकडे वळले की बाबली माझ्या फळीवर ठेका धरायचा. त्यासाठी त्याने छड्या पुष्कळ खाल्ल्या आणि काही छड्या चुकून मलाही बसल्या. हाच बाबली पुढे गावच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला झाला आणि पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. आज त्याचे सगळे केस पिकले आहेत, गाव त्याला बाबलीमामा म्हणतो. माझ्यापुढे मात्र तो अजून चौथीतलाच आहे.

मग शाळेला लोखंडी पायांचे नवे बाक मिळाले आणि माझी रवानगी शाळेमागच्या काजूखाली झाली. उपयोग संपला की माणसं वस्तूला फेकत नाहीत, नुसती बाहेर ठेवतात. फेकलेलं बरं, निदान निकाल लागतो. माझ्यावर कोंबड्या बसल्या, पालापाचोळा साठला, एका पायाला वाळवी लागली. मला फार वाईट वाटायचं. कोणी वाटेने जात असलं की वाटायचं, येईल, जरा टेकेल. पण माणसं सरळ पुढे निघून जायची.

शेवटी बाबलीनेच मला पाहिलं. तो बायकोवर ओरडावं तसा शाळेवर ओरडला, दोन माणसं लावून मला देवळाच्या मंडपात आणलं, घासून धुतलं आणि काजूच्या टरफलांचं काळं तेल मला स्वतःच्या हाताने चोळलं. त्या तेलाने त्याच्या हाताची सालं निघाली, पण वाळवी पुन्हा माझ्या वाटेला गेली नाही. मित्रांनो, हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढे जे घडलं त्यात माझी फार पंचाईत झाली.

मंडपात आल्यावर मला नवं आयुष्य मिळालं. संध्याकाळी तिथे भजनाचा सराव चाले. मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसत आणि ज्यांना मांडी घालवत नाही ते माझ्यावर बसत. सुरुवातीला बाबली सतरंजीवर असायचा. मग एका वर्षी तो माझ्यावर येऊन बसला आणि त्याने पखवाजाला हात लावणं सोडलं. गावात कारण विचारलं की तो म्हणायचा, गुडघे गेले. त्यापुढे तो बोलायचा नाही आणि कोणी खोदून विचारायचं नाही.

पण शिकवणं त्याने सोडलं नव्हतं. गौरवी नावाची एक लहान मुलगी आईबरोबर मंडपात यायची आणि मोठी माणसं गात असली की माझ्या फळीवर बोटांनी वाजवत बसायची. मला ती बोटं ओळखीची वाटली. बाबलीलाही वाटली असावीत, कारण त्याने एक दिवस तिला उचलून पखवाजासमोर बसवलं. मुलीने कधी पखवाज वाजवलाय का, असं दोघंतिघं कुजबुजले. बाबलीने न ऐकल्यासारखं केलं. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची इथपासून त्याने तिला शिकवलं, आणि तिचा हात असा तयार झाला की कुजबुजणारेही पुढे तिचंच कौतुक करू लागले.

आता गौरवी बाविशीची आहे आणि पणजीला एका कचेरीत कामाला आहे. सकाळी डिचोलीपर्यंत एक बस, तिथून पणजीची दुसरी बस, मग दिवसभर खुर्ची आणि संगणक, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट. घरी आली की जेवणसुद्धा मेजावर. म्हणजे जमिनीशी तिचा संबंध उरला तो पायापुरता. हात तयार होता, पण मांडी परकी झाली होती.

हे कळलं ते सप्ताहाच्या तयारीच्या वेळी. आमच्या देवळात पौष महिन्यात भजनी सप्ताह होतो. सात दिवस, सात रात्री भजन अखंड चालतं. आमची आणि मुळगावसारख्या आसपासच्या गावांची मंडळं आळीपाळीने पहारा घेतात. एका मंडळाचा पहारा संपायच्या आत दुसरं येऊन बसतं. सूर तुटता कामा नये आणि ठेका तर मुळीच तुटता कामा नये. आजवर गावच्या बायकांना गायला मिळे ते हळदीकुंकवाला. त्यांच्या मंडळाच्या प्रमुख देवकीवयनी. हार्मोनियमवर त्यांचा हात उत्तम आणि माणूस गोड, पण एकदा धरलेलं सोडणारा नव्हे. त्यांनी देवस्थानच्या बैठकीत जाऊन पहारा मागितला, आणि मिळवला. अर्थात कोणाला नको असलेला, जेवणानंतरचा, डोळ्यांवर झापड येते तो. वयनी म्हणाल्या, झापड आम्ही उडवू. आणि पखवाजावर पुरुष नको, आमची गौरवी बसेल, असंही त्या सांगून आल्या.

दिवाळी झाल्यावर सराव सुरू झाला. गौरवी बसली, हात सुरेख पडले, वयनींचा चेहरा फुलला. दोन अभंग झाले आणि गौरवीचा उजवा गुडघा हळूहळू वर येऊ लागला. गुडघा वर आला की पखवाज तिरका होतो, तो तिरका झाला की डावा हात चुकतो. तिने पाय बदलला. पुन्हा तेच. मग पायाला मुंग्या आल्या आणि ठेका थांबवून तिला उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. चौथ्या दिवशी ती उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबली माझ्यावर बसून सगळं पाहत होता. त्याच्या मांड्या माझ्या फळीवर अशा ताठ झाल्या होत्या, जणू तोच तिथे बसून वाजवत होता.

सराव संपल्यावर त्याने वयनींना बाजूला बोलावून सांगितलं की पौषापर्यंत हिला बसता आलं तर ठीक, नाहीतर पखवाजावर मंगेशला बसवा. मंगेश हा पुरुषांच्या मंडळाचा तरुण पखवाजवाला, शांत आणि भला मुलगा. त्याला यात काही मिळवायचं नव्हतं. पण गौरवीने ते ऐकलं आणि ती त्या संध्याकाळी माझ्या काठावर खूप वेळ बसून राहिली. बायकांचा पहिला पहारा आणि पखवाजावर मंगेश, म्हणजे लोक पुढची वीस वर्षं म्हणणार, बायकांना जमत नाही. हे ती मला सांगत नव्हती, शेजारी बसलेल्या सुविधाला सांगत होती. सुविधा तिची मैत्रीण, मंडळात टाळ वाजवते. पण ऐकायला मीही होतो.

सुविधानेच मग समीक्षाला बोलावलं. समीक्षा ही गौरवीची पेडण्याची मावसबहीण, फिजिओथेरपी शिकून नुकतीच दवाखान्यात लागलेली. रविवारी ती आली, गौरवीला बसवलं, निजवलं, तिचा पाय असा तसा वळवून पाहिला. मग तिने सांगितलं की सांधा खराब नाही. सांध्याभोवतीच्या स्नायूंना खुर्चीत आखडून राहायची सवय झाली आहे, ती हळूहळू मोडावी लागेल. त्यासाठी ताण द्यायचा, पण धसमुसळेपणा करायचा नाही. जिथे ओढ लागते तिथे थांबायचं, दुखेपर्यंत जायचं नाही, अर्धं मिनिट तसंच राहायचं आणि श्वास चालू ठेवायचा. मग सोडायचं आणि पुन्हा करायचं. रोज करायचं. आठवड्यात चमत्कार होत नाही, पण पौष अजून लांब आहे, तरुण शरीर ऐकतं.

तिने मंडपभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. हा बाक चांगला आहे, ती म्हणाली. मित्रांनो, किती दिवसांनी कोणी माझं कौतुक केलं होतं! मग तिने गौरवीला तीन ताण शिकवले. आधी अंग गरम व्हायला देवळाभोवती भराभर प्रदक्षिणा. मग एक टाच माझ्यावर ठेवायची, गुडघा सरळ, पाठ सरळ, आणि कमरेतून पुढे झुकायचं. दुसरा, माझ्या काठावर बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि पुढे वाकायचं. तिसरा, खाली बसून पाठ माझ्या पायांना टेकायची, तळव्याला तळवा लावायचा आणि गुडघे आपल्या वजनाने जमिनीकडे जाऊ द्यायचे.

काम सुरू झालं. गौरवी पणजीहून आली की तोंड धुऊन थेट मंडपात, बाबली सरावाला यायच्या आधी. तिचं पाहून सुविधा आली, मग मंडळातल्या आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांनाच पाठ, कंबर, पाय काही ना काही होतंच. वयनी चाय आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, ताजे उंडे घेऊन यायच्या आणि कौतुकाने पाहत बसायच्या. त्यांना वाटे, प्रदक्षिणांचं पुण्यही पदरात पडतंय. पहिल्या आठवड्यात गौरवीची टाच माझ्यावर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडे. पुढच्या आठवड्यात ती टेकू लागली. मला फरक कळत होता.

आता अडचण एकच होती, अर्धं मिनिट मोजायचं कसं? मंडपात मोबाईल आणायचा नाही हा बाबलीचा नियम. पूर्वी एकदा भजनात कोणाचा तरी फोन वाजला होता, तेव्हापासूनचा त्याचा हा राग. मंडपात घड्याळ होतं, पण ते आपल्या मर्जीने चाले. वयनींनी तोडगा काढला. विठ्ठलाचा गजर एकदा म्हणून झाला की अर्धं मिनिट. त्यांनी घरी घड्याळ लावून पाहिलं, बरोबर आलं. सगळ्या खूश झाल्या. भजनी बायकांना यापेक्षा सोपं मोजमाप कोणतं?

पण मित्रांनो, गजर कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो संथ सुरू होतो आणि म्हणता म्हणता चढतो. चढला नाही तर तो गजरच नव्हे. पहिल्या ताणाला गजर संथ, दुसऱ्याला जरा भरभर, तिसऱ्याला तर सुविधाचे टाळ आपोआप हातात आलेले. लय चढली की अंगं डोलू लागली. टाच माझ्यावर ठेवून ठेक्याबरोबर खाली-वर, खाली-वर. जुळलेल्या तळव्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघे फडफडू लागले. अर्धं मिनिट म्हणता म्हणता पाच-दहा सेकंदांवर आलं. आनंद मात्र भरपूर. मला ते धक्के बसत होते, आणि थांबायचं सांगितलंय हेही मी ऐकलं होतं. पण बाकाला तोंड नसतं. मी कुरकुरलो. त्यांना वाटलं, बाक जुना झाला.

व्हायचं ते झालं. गजर टिपेला गेला असताना गौरवी ठेक्याबरोबर जोरात वाकली आणि तिच्या मांडीत आतून चमक निघाली. ती तशीच माझ्यावर कलली. नेमका त्याच वेळी बाबली मंडपात शिरला. त्याला पहिलं दिसलं ते तिचं दुखणं नव्हे, तर माझ्यावरचा तिचा पाय.

"पाय खाली घे गो बाय," तो म्हणाला. "ह्या बांकार माणसां बसतत."

गौरवीने दोन्ही हातांनी धरून पाय खाली घेतला, मला हात लावून तो कपाळाला नेला आणि सांगितलं की आपण पाय ताणत होतो. बाबली म्हणाला की पखवाज पायांनी वाजवत नाहीत. वयनी मध्ये पडल्या. तेव्हा तो म्हणाला की पुरे झालं, पहाऱ्याला मंगेश बसेल. आणि तो माझ्यावर येऊन बसला. आता सांगा, मी कोणाची बाजू घेणार? माझी वाळवी काढणारा हा, आणि जिच्या टाचेची मी रोज वाट पाहायचो ती ही.

बायका गेल्या. गौरवी लंगडत उठली, पण गेली नाही. ती खाली, माझ्याशेजारी बसली आणि तिने विचारलं, "मामा, माका बसूक येवचा नाय असां तुमका वाटता?"

बाबलीने गुडघ्यावरून हात फिरवला. मग तो जे बोलला ते त्याने घरीसुद्धा कोणाला सांगितलं नसावं.

"मुळगावच्या सप्त्यात माझो ठेको मध्येच तुटलो. पाय मेलो होतो. उठाक लागला. सगळो मांडव माझ्याकडे बघी होतो. त्या दिसापासून मी पखवाजाक हात लावूक नाय." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "आनी तुझ्या पाठसून पहारो कोणाचो? मुळगावकारांचोच. तीच माणसां बघतली. तुझां तसां होवक नको, म्हणान सांगतंय."

मला प्रथमच कळलं, इतकी वर्षं बाबली माझ्यावर जड का बसतो.

रविवारी समीक्षा आली. तिने दुखरा पाय तपासला, थोडे दिवस विश्रांती सांगितली आणि मग म्हणाली, तुम्ही काय करत होतात ते जसंच्या तसं दाखवा. सुविधाने दाखवलं, बाकीच्यांनी गजर म्हटला. समीक्षा आधी हसली आणि मग गंभीर झाली.

"गजर चढता तशी तुमी हलतात," ती म्हणाली. "हिसको बसलो की स्नायू आणखी आखडता. हालू नकात. नुसती थांबा."

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. गजर संथ म्हणू या, असं कोणी सुचवलं. म्हणून पाहिला, तो पुन्हा चढला. गजराला धरून ठेवणं त्यांच्या हातात नव्हतं. बाबली माझ्यावर बसून इतका वेळ ऐकत होता. एकदाचा तो खाकरला.

"गजर तो चढतलोच. थांबूचा आसा तर पेटीचो सा धरा. सा-क ठेको नसता."

वयनींनी हार्मोनियम ओढली, षड्जाची पट्टी दाबली आणि भाता हळू चालवला. मंडपात एकच सूर भरून राहिला, ना वर ना खाली. सुविधाने पुन्हा टाच ठेवायला पाय उचलला आणि बाबलीकडे पाहून तो अर्ध्यातच थांबवला. बाबली उठला. कोपऱ्यातलं भाताचं रिकामं पोतं त्याने झटकलं, त्याची घडी केली आणि माझ्यावर अंथरली. मग म्हणाला, आता ठेव. तिने टाच ठेवली आणि त्या सुरात ती झुकून राहिली. डोलायला काही नव्हतंच. समीक्षाने समजावलं, या सुरात चार-पाच संथ श्वास घ्यायचे, झालं आपलं अर्धं मिनिट.

त्या दिवसापासून मंडप संध्याकाळी शांत असे. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पेटी दुरुस्त करताहेत. गौरवीचा पाय बरा झाल्यावर तीही आली. आता टाच माझ्यावर यायची आणि राहायची. आधी सगळा भार माझ्यावर, मग हळूहळू आत काहीतरी सैल व्हायचं आणि टाचेचा दाब मऊ व्हायचा. ती रोज पोतं घालायची, आणि तरीही रोज मला नमस्कार करायची. बाबलीने मंगेशला बसवायचा विषय पुन्हा काढला नाही, पण मागेही घेतला नाही. जे काही होतं ते पहाऱ्याच्या दिवशी ठरणार होतं.

पौष आला. सप्ताहात मला भिंतीशी सरकवलं होतं, पण दिसत सगळं होतं. जेवणं झाली, मंडपात माणसं पेंगू लागली आणि बायका येऊन बसल्या. गौरवीने मांडी घातली. गुडघे जमिनीला टेकले नव्हते, खोटं कशाला सांगू. पण वरही आले नाहीत. पखवाज सपाट राहिला. तिचा पहिला हात पडला आणि पेंगणारे दोघं जागे झाले. बाबली माझ्यावर होता. मंगेश त्याच्याशेजारी, बाह्या सारून तयार, न जाणो गरज पडली तर.

अभंगामागून अभंग झाले. पहारा संपत आला तरी मुळगावचं मंडळ दिसेना. मग निरोप आला की वाटेत एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडलाय आणि त्यांचा टेम्पो पलीकडे अडकलाय, येतो म्हणाले, कधी ते माहीत नाही. ठेका तर तोडायचा नव्हता. वयनींनी पुढचा अभंग उचलला. थोड्या वेळाने गौरवीचा उजवा गुडघा हलला. बाबलीने माझी कड घट्ट धरली. मंगेश उठला आणि हळूच तिच्याशेजारी जाऊन बसला. चालू ठेक्यात एकाने हात काढायचे आणि दुसऱ्याने ठेवायचे, ही रीतच आहे, त्यात काही कमीपणा नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. गौरवीने मानेने नाही म्हटलं. तिने श्वास सोडला, खांदे सैल केले, पायाशी भांडण केलं नाही. मला वाटलं, आता उठते. तिचा गुडघा थरथरला, थांबला आणि मग आपल्या वजनाने हळूहळू खाली गेला. तिच्या हाताला त्याची खबरही नव्हती. तो वाजतच होता.

मुळगावकर आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. धावतपळत आलेली ती माणसं दारातच थबकली आणि क्षणभर नुसती ऐकत राहिली. त्यांच्यातले दोघं-तिघं बाबलीच्या वयाचे होते. त्यांनी बाबलीकडे पाहिलं, आणि बाबलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पखवाजवाल्याने आपला पखवाज मांडून ठेका उचलला आणि गौरवीने हात काढले. ती लगेच उठली नाही. पाय पसरून जरा बसली आणि मग आपली आपण उभी राहिली. भिंतीशी येऊन ती माझ्यावर टेकली. बाबलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आता माझं सांगणं थोडकंच आहे. तुमचं शरीर आणि माझ्यासारखं जुनं लाकूड, दोघांनाही घाई सोसत नाही. तुम्ही तरुण आहात, दिवसभर खुर्चीत बसता, तुम्हाला वाटतं की गुडघे आणि कंबर म्हाताऱ्यांचे प्रश्न आहेत. तसं नाही. रोज थोडं ताणा, ओढ लागेल तिथे थांबा, हिसके देऊ नका. आणि ज्याच्यावर टाच ठेवाल त्या बाकाला कधीतरी तेल लावा.

परवा दुपारी मंडप रिकामा होता. बाबली आला, माझ्यावर बसला आणि गौरवीची वाट पाहू लागला. तिची सुट्टी होती. ती आल्यावर त्याने सांगितलं की डिचोलीच्या डॉक्टरला गुडघे दाखवून आलोय, तो म्हणाला हलकं काही करायला हरकत नाही. समीक्षालाही फोन करून विचारलंय. इतकं सांगून तो जमिनीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "फुडल्या सप्त्याक निदान एक अभंग तरी."

गौरवीने पोतं आणून माझ्यावर अंथरलं. बाबलीने मला हात लावला, तो कपाळाला नेला आणि माझ्यावर आडवा बसून एक पाय माझ्या फळीवर लांब केला. तो गुडघा पुरता सरळ होत नव्हता. त्याने ओठ दाबले आणि जोर लावायला गेला. गौरवीने त्याच्या टाचेखाली आपला हात ठेवला.

"ओढू नका, मामा. थंयच ऱ्हावा."

आणि बाबली, ज्याने चौथीपासून आजवर कोणाचं ऐकलं नव्हतं, तो तिथेच राहिला.